वाकळीचा मऊपणा राखणारे फ्युजिबल वेब : कोल्हापुरातून एक परीक्षण

अ‍ॅप्लिकच्या कामात कापडातून कापलेला आकार तळकापडावर बसवताना तो सरकू नये, त्याच्या कडेचे धागे निघू नयेत आणि शिवणयंत्राखाली त्याला चुण्या पडू नयेत, यासाठी फ्युजिबल वेब वापरतात. इस्त्रीच्या उष्णतेने वितळून दोन कापडांना जोडणारा हा गोंदाचा पातळ थर असतो. त्यामुळे काम झटपट होते, नक्षी जशी आखली तशीच बसते, टाचण्या आणि कच्चे टाके वाचतात. हे सारे खरे असले, तरी या वस्तूविषयी एक तक्रार कायम ऐकू येते, ती म्हणजे शिवून झालेला भाग पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो. भिंतीवर टांगायच्या कामात हा ताठपणा खपून जातो. अंगावर घ्यायच्या वाकळीत किंवा तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तो मुळीच चालत नाही. कोल्हापुरात दुकानात मिळणारे आणि बाहेरून मागवावे लागणारे फ्युजिबल वेब मी याच एका कसोटीवर वापरून पाहिले आहेत, त्यामुळे पुढचे सारे विवेचन मऊपणाभोवतीच फिरणारे आहे. माझे मत आधीच सांगते. हलक्या वजनाचे वेब निवडून ते संपूर्ण आकाराखाली न लावता केवळ कडेच्या अरुंद पट्टीपुरते लावले, तर वाकळ मऊ राहते. आणि असे लावायचे नसेल, तर महागातले वेब आणूनही मोठ्या आकारांत फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडच्या वाकळीची ठेवणच अशी आहे की तिला गोंद सहसा मानवत नाही. जुनेराचे, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या कापडाचे, थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत जाणारे धावदोऱ्याचे फेरे घालत ती शिवतात. म्हणजे हातातली सुई वाकळीच्या प्रत्येक बोटभर जागेतून जायची असते. धुऊन धुऊन मऊ झालेले नऊवारीचे कापड, त्यावर अ‍ॅप्लिकचा आकार आणि मध्ये गोंदाचा सलग थर अशी रचना झाली की दोन गोष्टी एकदम बिघडतात. वाकळ त्या जागी अंगावर पडेनाशी होते आणि हाताची सुई त्या जागेतून ओढताना बोटे दुखतात, टाका लहान घालता येत नाही. यंत्रावर क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र शिवण्याचे काम, करणाऱ्यांना दुसरी अडचण तितकीशी जाणवत नाही, म्हणून परदेशी वेबच्या पाकिटावरच्या सूचनांमध्ये तिचा उल्लेखही नसतो. कोल्हापूर परिसरात हाताने वाकळ शिवणाऱ्या बायकांना मात्र ती पहिल्याच ओळीला जाणवते.

कडकपणा नेमका कशामुळे येतो, हे समजून घेतले तर खरेदीचा अर्धा निर्णय आपोआप होतो. विणलेले कापड मऊ पडते, कारण त्याचे उभे आणि आडवे धागे एकमेकांवर किंचित सरकू शकतात. वितळलेला गोंद धाग्यांच्या मध्ये शिरून थंड झाला की हे सरकणे थांबते. शिवाय दोन कापडे एकमेकांवर सुटी असताना वाकवली तर ती एकमेकांवरून घसरतात. चिकटवलेली असतील तर त्यांना एका जाड पट्टीप्रमाणे वाकावे लागते. सलग पट्टीच्या बाबतीत वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने दोन सुट्या थरांचा विरोध एका थराच्या दुप्पट असतो, पण तेच दोन थर एकजीव केले की तो आठपट होतो आणि तीन थर एकजीव केले की सत्तावीसपट. कापड विणलेले असल्याने प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही, तरी कल याच दिशेचा असतो. अ‍ॅप्लिकमध्ये एकावर एक तुकडे जिथे येतात, नेमकी तीच जागा हाताला टोचल्यासारखी का लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

गोंदाचे रूपही महत्त्वाचे असते. काही वेबमध्ये गोंद कोळ्याच्या जाळ्यासारख्या विरळ तंतूंचा असतो, तर काहींमध्ये तो कागदावर सलग पसरलेला असतो. जाळीदार गोंदात मोकळ्या जागा राहतात, तिथल्या धाग्यांना हालचाल करता येते. सलग थरात तशी जागा राहत नाही. दुकानात उभ्या उभ्या हे ओळखता येते. कागद थोडा सोलून गोंद उजेडापुढे धरावा. बारीक छिद्रे दिसली तर ती जाळी. नुसती सलग चकाकी दिसली तर तो सलग थर. दुकानदाराने एवढे करू दिले नाही, तर तिथून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

महाद्वार रोड आणि लक्ष्मीपुरी परिसरातल्या शिलाई-साहित्याच्या दुकानांत ‘फ्युजिंग द्या’ असे म्हटले की समोर येते ते बहुतेक वेळा कॉलरचे बक्रम किंवा ब्लाउजच्या गळ्याला लावायचे एका बाजूने चिकटणारे फ्युजिंग. ते अ‍ॅप्लिकला उपयोगाचे नाही, कारण त्यात गोंदाबरोबर एक कापडी किंवा कागदी अस्तर कायमचे आत राहते आणि कडकपणा उलट वाढतो. एका जुन्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, “ताई, एका बाजूनं चिकटतंय ते पायजे का दोन्हीकडनं?” मी म्हटले, “दोन्हीकडनं, आणि कागदावर असलेलं.” त्यांनी फळीवरून एक गुंडाळी काढली. तिच्यावर ना नाव होते, ना वजन, ना इस्त्री किती गरम ठेवायची याची सूचना. अशी सुट्टी विकली जाणारी गुंडाळी गावातल्या एकापेक्षा अधिक दुकानांत मिळते, आणि मीटरवर मिळत असल्याने ती स्वस्तही पडते.

या बिननावाच्या गुंडाळीबद्दल मला समाधानाने लिहिता येत नाही. तिच्यातला गोंद सलग थराचा आणि जाड निघाला. मध्यम इस्त्रीला तो नीट धरेना आणि इस्त्री वाढवली तर पातळ कापडातून वर झिरपून चकचकीत डाग पडत. यंत्राच्या सुईला चिकटा धरून टाके सुटत होते. धुतल्यावर ज्या जागी शिलाई नव्हती तिथल्या कडा उचलल्या गेल्या, आणि जिथे चिकटून राहिले तिथला ताठपणा पुढच्या धुण्यांतही कमी झाला नाही. पिशव्या, टेबलावरचे आच्छादन, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे अशा कामांना हे वेब चालेल. वाकळीला आणि दुपट्याला ते वापरू नये.

नाममुद्रा असलेल्या वेबमध्ये आपल्याकडे ऑनलाइन सर्वांत सहज मिळते ते हीट-एन-बाँड. हे अमेरिकेतल्या थर्म-ओ-वेब कंपनीचे उत्पादन असून त्याचे प्रकार नीट पाहून मागवणे फार गरजेचे आहे. लाइट हा प्रकार शिवायच्या कामासाठी आहे. अल्ट्राहोल्ड हा न शिवता नुसते चिकटवून ठेवायच्या कामासाठी. अल्ट्राहोल्डवर शिवू नये, सुईला गोंद लागतो, असे कंपनीच सांगते. ‘अल्ट्रा’ म्हणजे अधिक चांगले असे समजून अनेकजणी तोच मागवतात आणि मग सगळ्याच फ्युजिबल वेबना नावे ठेवतात. लाइटमध्ये गोंद कमी असतो, कागदावर पेन्सिलने आखणे सोपे जाते, कागद एका ओढीत निघतो आणि कड स्वच्छ कापली जाते. संपूर्ण आकाराखाली लावल्यास त्याचाही थर हाताला कळतोच, पण पुढे सांगितलेल्या पद्धतीने मधला भाग काढून टाकल्यास मोठ्या आकारांच्या दुपट्यासाठी मी आज याचीच शिफारस करीन. त्याच कंपनीचा फेदर लाइट हा आणखी हलका प्रकार आहे. मलमलीसारख्या तलम कापडावर काम करणारीने तो शोधावा.

फ्रॉयडेनबर्ग या जर्मन कंपनीच्या व्हिलीन नावाखाली विकले जाणारे बाँडावेब, ज्याला जर्मनीत व्लीसोफिक्स म्हणतात, ते जाळीदार गोंदाचे आहे. कागदावर खरखरीत वाटणारी ही जाळी इस्त्रीखाली कापडात बरीच विरून जाते आणि चिकटवलेला भाग दोन बोटांत चोळला तर कापड कापडासारखेच लागते. त्याची पकड शिलाई होईपर्यंत पुरेशी असते. जाळी कागदापासून सुटण्याची सवय मात्र या प्रकारच्या सर्वच वेबना असते, म्हणून ते घडी घालून ठेवू नये, गुंडाळूनच ठेवावे.

मिस्टीफ्यूज हे या सर्वांत वेगळे, कारण त्याला कागदच नाही. हातात घेतले तर अगदी विरळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा दिसतो. एकावर एक चार-पाच तुकडे येणाऱ्या बारीक नक्षीत, म्हणजे पानाफुलांच्या वेली, पक्ष्यांची पिसे, मोराचा पिसारा अशा कामात, मऊपणाच्या बाबतीत याची बरोबरी दुसऱ्या कोणत्या वेबने केल्याचे मला आढळले नाही. गडद कापडासाठी ते काळ्या रंगातही मिळते, त्यामुळे काळ्या चंद्रकळेच्या तुकड्यावर पांढुरके तंतू चमकत नाहीत. कागद नसल्यामुळे आखणी मात्र वेगळी करावी लागते आणि इस्त्री करताना खाली-वर न चिकटणारा कागद घ्यावाच लागतो. ज्यांनी आधी कागदाचे वेब हाताळलेले नाही, त्यांनी पहिल्यांदाच मिस्टीफ्यूज घेऊ नये. वॉर्म कंपनीच्या स्टीम-अ-सीम २ या वेबचा गुण असा की इस्त्री करण्यापूर्वी तुकडा नुसत्या दाबाने तात्पुरता चिकटतो आणि उचलून पुन्हा दुसरीकडे ठेवता येतो. रचना जुळवताना ज्यांचा वेळ जातो त्यांना ही सोय मोलाची वाटेल. मऊपणासाठी त्याचा लाइट प्रकार निवडावा.

आता मुख्य गोष्ट, ज्यामुळे वेब कोणते हा प्रश्न बराचसा मागे पडतो. मधला भाग काढून टाकण्याच्या या पद्धतीला क्विल्टिंग करणारे खिडकी काढणे म्हणतात. एका दुपट्यावरचा झूल घातलेला हत्ती घेऊन ती सविस्तर सांगते.

हत्तीचे अंग सुमारे आठ इंचांचे, त्यावर झूल, अंगाच्या पुढच्या भागावर कान आणि कानाजवळ डोळा. वेबच्या कागदाच्या बाजूवर प्रत्येक आकार उलटा, म्हणजे आरशात दिसतो तसा, वेगवेगळा आखून घ्यावा. सोंड उजवीकडे हवी असेल तर कागदावर ती डावीकडे येते. आखलेल्या रेषेच्या बाहेर थोडी जागा ठेवून वेब कापावे. मग रेषेच्या आत सुमारे पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, अंतर ठेवून मधला सगळा भाग कात्रीने काढून टाकावा. हातात राहते ती हत्तीच्या बाह्यरेषेची अरुंद चौकट. ती कापडाच्या उलट बाजूवर ठेवून इस्त्रीने चिकटवावी आणि त्यानंतरच रेषेवरून कापड कापावे, म्हणजे गोंद अगदी कडेपर्यंत येतो आणि धागे निघत नाहीत. चौकट कापडावर ठेवताना ती ताणली जाऊन आकार बिघडू शकतो, म्हणून सोंडेसारख्या लांब भागात मध्ये एखादा आडवा दुवा ठेवावा आणि चिकटवण्याच्या आधी तो कापून टाकावा. आतून निघालेला वेबचा तुकडा फेकू नये. कान त्यातूनच निघतो.

कानाची जागा नीट पाहण्यासारखी आहे. तिथे तळकापड, हत्तीचे अंग आणि कान असे तीन थर येतात आणि वेब सर्वत्र लावले असेल तर त्यांमध्ये गोंदाचे दोन थर. खिडकी काढली असेल तर अंगाची चौकट कानाच्या खाली येतच नाही; कानाची स्वतःची अरुंद चौकट तेवढी राहते आणि कानाचा मधला भाग मोकळा, फुगीर राहतो. बोट फिरवले तर कान अंगापासून वेगळा जाणवतो, पण टोचत नाही. झुलीचे काठ अंगाच्या काठाला येऊन भिडतात, तिथे झुलीखालची अंगाची कड अर्धा इंच पुरेल इतकीच ठेवून बाकी कापून टाकावी, म्हणजे एका जागी कडा साठत नाहीत.

खिडकी काढण्याचा लाभ आकारावर अवलंबून असतो, आणि हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आठ इंच व्यासाच्या वर्तुळाच्या कडेला पाव इंचाची चौकट ठेवली तर मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे १२ टक्के जागेवरच गोंद राहतो. दोन इंचांच्या वर्तुळात तीच चौकट जवळजवळ ४४ टक्के जागा व्यापते आणि एक इंचाच्या वर्तुळात ७५ टक्के. म्हणजे हत्ती, कमळ, सूर्य, मोठी कोयरी यांना खिडकी काढावीच. डोळा, पाकळी, ठिपका यांना काढण्यात अर्थ नाही, तिथे मिस्टीफ्यूजसारखे विरळ वेब वापरणे किंवा वेब न वापरता कड दुमडून हाताने शिवणे, हेच मार्ग उरतात. महाग वेब लहान तुकड्यांसाठी राखून मोठे आकार हीट-एन-बाँड लाइटवर करावेत, असे मी म्हणते ते यामुळे.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एक सोपी चाचणी घरी करता येते. वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांत कापडाचा ताठपणा मोजताना कापडाची पट्टी आडव्या फळीवरून पुढे सरकवतात आणि तिचे टोक स्वतःच्या वजनाने वाकून ठरावीक उताराला कधी टेकते ते पाहतात. आपल्याला उपकरण लागत नाही. एक इंच रुंद आणि आठ इंच लांब अशा सारख्या पट्ट्या एकाच कापडातून कापाव्यात: एक नुसत्या दोन थरांची, एक सर्वत्र वेब लावलेली, एक फक्त कडांना वेब लावलेली. टेबलाच्या कडेवरून त्या सारख्याच बाहेर सरकवाव्यात. सुटे थर लगेच खाली झुकतात. बिननावाच्या सलग गोंदाची पट्टी बरीच बाहेर आली तरी आडवीच राहते. हीट-एन-बाँड लाइट सर्वत्र लावलेली पट्टी या दोहोंच्या मध्ये येते, आणि जाळीदार वेबची तिच्याहून खाली. एक इंचाच्या पट्टीत दोन्ही कडांचे वेब मिळून अर्धी जागा व्यापते, त्यामुळे खिडकीचा पूर्ण लाभ या चाचणीत दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यासाठी आठ इंचांचा चौकोनी नमुना करून तो मुठीत चुरगाळून पाहणे अधिक बरे. नवे वेब आणले की खऱ्या कामाला हात लावण्यापूर्वी हा नमुना करणे मी कधीही टाळत नाही.

इस्त्रीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण चांगले वेबही चुकीच्या इस्त्रीने कडक होते. इस्त्रीवरच्या एका, दोन आणि तीन ठिपक्यांचा अर्थ अनुक्रमे ११०, १५० आणि २०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता असा असतो. हीट-एन-बाँड लाइटला मध्यम उष्णता आणि कोरडी इस्त्री सांगितली आहे. कागद कापडाला लावताना दोनच सेकंद आणि शेवटी तळकापडावर बसवताना प्रत्येक जागी सहा ते आठ सेकंद. बाँडावेबला आधी कोरडी इस्त्री सुमारे पाच सेकंद आणि शेवटी ओलसर कापडावरून सुमारे दहा सेकंद लागतात. एका वेबची रीत दुसऱ्याला लावू नये. पहिल्या वेळी जास्त वेळ इस्त्री ठेवली तर गोंद एकाच कापडात मुरून जातो, कडकपणा तिथे राहतो आणि दुसऱ्या कापडाला धरायला काही उरत नाही. ‘कडकही झाले आणि चिकटलेही नाही’ ही तक्रार बहुधा यातून येते. इस्त्री फिरवू नये. ठेवावी, उचलावी, शेजारी ठेवावी. कागद गार झाल्यावरच सोलावा. निघत नसेल तर त्यावर टाचणीने एक हलकी रेघ ओढावी आणि तिथून उचलावा. खाली-वर ठेवण्यासाठी टेफ्लॉनचे कापड उत्तम, ते नसेल तर केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानातला बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद चालतो. मेणकागद मात्र चालत नाही, त्याचे मेण कापडात उतरते.

कापड आधी धुऊन घ्यावे. इचलकरंजीचे असो की गांधीनगरच्या बाजारातून गठ्ठ्याने आणलेले असो, नव्या सुती कापडात खळ असते आणि ती असेपर्यंत गोंद धाग्यांपर्यंत नीट पोचत नाही. पोचला नाही की बाई इस्त्री वाढवते आणि वर सांगितलेले सगळे ओढवते. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये, त्यामुळेही पकड कमी होते. जुनेराला हा त्रास नाही. जुन्या साडीचे कापड पातळ झालेले असते, त्यामुळे तिथे गोंद वर झिरपण्याची भीती अधिक. अशा कापडाला सर्वांत हलके वेब आणि कमीत कमी वेळ.

कडेची शिलाई टाळता येईल, अशी अपेक्षा वाकळीच्या बाबतीत ठेवूच नये. ती सतत वापरात असते आणि वारंवार धुतली जाते, त्यामुळे कड शिवलेलीच हवी. यंत्रावर काजाचा टाका किंवा बारीक झिगझॅग पुरतो. दाट सॅटिन टाक्याने कड सुरेख दिसते, पण दोऱ्याची ती भरगच्च रेघ स्वतःच कडक असते. गोंद कमी करून मिळवलेला मऊपणा दोऱ्याने घालवू नये. सुई ७५/११ किंवा ८०/१२ क्रमांकाची घ्यावी आणि तिला चिकटा दिसला तर सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी. हाताने शिवणाऱ्यांना खिडकीचा खरा आनंद इथे मिळतो. कडेला काजाचा टाका घातला की हत्तीच्या पोटातून धावदोरा इतर वाकळीत जातो तितक्याच सहजपणे जातो आणि फेऱ्यांची ओळ आकारापाशी तुटत नाही.

शिलाई झाल्यावर काम उलटे करून आकाराच्या मागचे तळकापडही कापून टाकता येते. शिलाईच्या आत पाव इंच सोडून कात्रीचे टोक हलके आत घालावे आणि मधला भाग काढावा. वेब सर्वत्र लावलेले असेल तर दोन्ही कापडे एकजीव झाल्यामुळे हे जमत नाही. खिडकी काढलेली असेल तर ती सुटीच असतात. मोठ्या आकाराचा एक संपूर्ण थर यामुळे कमी होतो. वाकळीत खाली आणखी थर येणारच असल्याने मजबुतीला धोका नसतो. विरलेल्या जुनेराच्या तळकापडावर मात्र हे करू नये.

वेब अजिबात न वापरता तात्पुरते चिकटवायचे असेल, तर पाण्यात विरघळणारी गोंदकांडी कडेला ठिपक्याठिपक्याने लावून शिवता येते आणि पहिल्या धुण्यात ती निघून जाते. मऊपणात हिला तोड नाही. पण कडेचे धागे धरून ठेवण्याचे काम ती करत नाही, त्यामुळे कड दुमडून शिवणाऱ्यांनाच ती उपयोगी पडते. टोकदार पाने आणि सोंडेचे वळण दुमडून शिवण्याइतका हात ज्यांचा बसलेला आहे, त्यांनी वेबकडे वळण्याचे कारण नाही, असे मी मोकळेपणाने सांगेन.

खरेदीचा विचार करताना आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार अवश्य करावा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत वेबचा कागद ओल धरतो, फुगतो आणि गोंदापासून सुटतो. सुटलेली जाळी वापरता येते, पण आखणी आणि खिडकी दोन्ही अवघड होतात. म्हणून वर्षभराचा साठा एकदम मागवू नये. हीट-एन-बाँड लाइट १७ इंच रुंदीत येते, तेव्हा दोन दुपट्यांच्या मोठ्या आकारांना एक-दोन यार्डांत भागते, कारण खिडकीतून निघालेले तुकडे पुन्हा कामाला येतात. मिस्टीफ्यूज बारीक कामापुरते लहान पाकीट घ्यावे. आल्यावर पाकीट उघडून गोंद कागदाला घट्ट आहे ना हे पाहावे, सुटलेला असेल तर परतीची मुदत संपण्यापूर्वी परत पाठवावे, आणि ठेवताना पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, औषधाच्या डबीत मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या कपाटात मात्र ते ठेवू नये.